दुधाळ रक्ताची येळवस

येळवशीच्या दिवशी धाराशिव जिल्ह्यात बातमी नसते. म्हणजे एकच असते, आणि ती आदल्या वर्षीचीच असते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. घरातली सगळी माणसे डोक्यावर टोपल्या घेऊन रानात जेवायला जातात. पोटात पीक वाढवणाऱ्या जमिनीचे हे डोहाळजेवण. कळंबहून सुटणाऱ्या एसटीत चालक आणि वाहक एकमेकांशीच गप्पा मारत जातात. मुरुमच्या बाजारपेठेत एखादे कुत्रे भर रस्त्यात पाय पसरून झोपते आणि त्याला उठवायला कोणी येत नाही. या दिवशी चोऱ्या होत नाहीत, असे पोलीस सांगतात. चोरही शेतात जेवत असतात, एवढे मात्र ते सांगत नाहीत. उपसंपादक गेल्या वर्षीचा मजकूर काढतो, छायाचित्र नवे लावतो आणि डबा उघडतो.

यंदाही तसेच झाले. कार्यालयात दोनच माणसे, त्यातल्या एकाच्या घरून भज्जी आलेली. भजी नव्हे, भज्जी: तुरीचे हिरवे दाणे, वाटाणा, हरभऱ्याचे ओले घाटे, मेथी, पातीचा कांदा, सगळे चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवलेले. झाकण उघडले की खोलीत रान शिरते. त्या वासाबरोबर दरवर्षी एक येळवस आठवते. त्या एका वर्षी बातमी होती, आणि ती नेहमीची नव्हती.

गाव मुरुमपासून जवळ, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. नाव देता येत नाही; ज्यांचे रक्त अभ्यासासाठी घेतले त्यांची ओळख सांगायची नाही, असा संशोधनाचा नियम आहे, आणि तो बातमीदारालाही लागू होतो. खाली आलेली गावकऱ्यांची नावे त्याच कारणाने बदललेली आहेत. गावाला एक ओढा आहे, ओढ्यावर पाझर तलाव आहे. पाऊस सरताना तलावाच्या कडेला, गुरांच्या खुरांच्या ठशांत पाणी साचून राहते. प्रत्येक ठसा म्हणजे डासांचे एक बाळंतघर, असे डॉ. शैलजा म्हणत.

डॉ. शैलजा बिराजदार हिवतापावर संशोधन करतात. मुरुमच्या एका आडत्याची ही मुलगी. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा. महाविद्यालयात असताना त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा हिवतापाचा परजीवी पाहिला. रक्ताच्या तांबड्या पेशीत निळसर अंगठी, आणि अंगठीला एकच लालसर खडा. "एवढा नाजूक दागिना मी तोवर पाहिला नव्हता," असे त्या सांगत, आणि सांगताना डाव्या हाताचे बोट नकळत पुढे करत. पुढे पुणे, मग परदेश. आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या मुलांच्या रक्तावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. तिथे एकेका मुलाला ताप पुन्हा पुन्हा येतो, आणि हळूहळू शरीर त्याच्याबरोबर जगायला शिकते. ते नेमके कसे शिकते, शिकलेले कुठल्या पेशीत साठवते आणि किती काळ ठेवते, हा त्यांचा प्रश्न.

"माझा सगळा संसार डासाच्या थुंकीवर चालतो," असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. हे अक्षरशः खरे आहे. परजीवी डासाच्या लाळेतूनच माणसात येतो.

मायदेशी परतल्यावर त्यांनी तोच प्रश्न आपल्या भागाला विचारायचे ठरवले. जिथे ताप क्वचित येतो, तिथे शरीर लक्षात ठेवते की विसरते? विसरते, असा सर्वसाधारण समज होता. सहकारी म्हणत, धाराशिवकडे हिवताप आहेच किती? त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले: "कमी आहे, म्हणूनच तिथे जायचं. रोज भेटणारा माणूस कोणालाही आठवतो."

त्या वर्षी पाऊस सरताना गावात थंडी वाजून येणारा ताप आला. आशा कार्यकर्ती महादेवी घरोघरी फिरून बोटाच्या टोकातून रक्ताचे थेंब काचपट्टीवर घेत होती. डॉ. शैलजा, त्यांचा पुण्याचा तरुण सहकारी निखिल आणि रक्त काढणारी एक परिचारिका, अशी मंडळी तेव्हा आली, तापलेल्या माणसांचे नमुने घेऊन गेली. गुरुलिंगप्पांच्या घरात सगळे आडवे झाले होते. गुरुलिंगप्पा म्हणजे गावाचे अप्पा. बांधाचे भांडण असो की लग्नाची बोलणी, त्यांच्या ओसरीवर मिटणार. ते स्वतः गोधडीवर गोधडी घेऊन कुडकुडत होते. दोन्ही मुले आणि धाकटी सून तशीच. त्यांची पत्नी कस्तुराबाई मात्र सकाळी तापली आणि संध्याकाळी चुलीपुढे बसली. काचपट्टीवर तिच्या रक्तातही अंगठ्या होत्या. मोजक्या, पण होत्या.

"हिला का नाही झोपवलं तापानं?" डॉ. शैलजांनी विचारले.

"झोपली असती तर भाकरी कुणी केली असती?" गोधडीखालून अप्पांचा आवाज आला.

हे उत्तर शास्त्रीय नव्हते. प्रयोगशाळेत कस्तुराबाईंच्या पेशींनी दुसरे उत्तर दिले. परजीवीचे प्रथिन समोर ठेवताच त्या ज्या वेगाने आणि तयारीने वळल्या, तसे पहिल्या भेटीत होत नाही. पण नमुना तापातच घेतलेला. हा तात्पुरता जोर असेल, तर काही महिन्यांनी ओसरेल. जुनी ओळख असेल, तर टिकेल. म्हणून तीच माणसे, ताप उलटून गेल्यावर, पुन्हा एकदा. दुसऱ्या नमुन्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नव्हता.

हा दुसरा दिवस ठरवणे सोपे नव्हते. रक्तातल्या पेशी जिवंत पोहोचाव्या लागतात. बर्फात ठेवून चालत नाही, उन्हात तर नाहीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुण्यातल्या यंत्राखाली असाव्या लागतात. ते यंत्र अनेकांचे, त्याची पाळी महिनोन्‌महिने आधी लावावी लागते. प्रकल्पाची मुदत आर्थिक वर्षाबरोबर संपत होती. निखिलने यंत्राची पाळी, गाडी, नळ्या, माणसे असे सगळे जुळवून एकच दिवस काढला. कॅलेंडरवर तो काळ्या अक्षरात होता, म्हणजे कामाचा. डॉ. शैलजांनी त्यावर सही केली. मला त्यांनी बातमीसाठी बोलावले, आणि अमावास्येला नेहमीच्या छायाचित्रातून सुटका होणार म्हणून मीही लगेच हो म्हणालो. येळवस आहे हे मला ठाऊक होते. त्यांना ते ठाऊक नसेल, ही शंका मला आली नाही. मुरुमच्या मुलीला येळवस सांगायची असते का?

आम्ही पोहोचलो तेव्हा गावाला कुलूप होते. घराघराला कुलूप, शाळेला कुलूप, देवळाचे दार ओढलेले. निखिल गाडीतून उतरला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, गाव कुठे गेलं?"

त्याच वेळी महादेवी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. नवे लुगडे, मांडीवर टोपली, टोपलीवर पांढरे फडके.

"आलासा? चला, चला, आमचं रान वड्याच्या पल्याड हाय."

"महादेवी, माणसं कुठं आहेत? आज नमुने घ्यायचेत ना!"

महादेवीने तोंडावर हात ठेवला. "आज? आज येळवस न्हाय का मॅडम? तुमी मुरुमच्या. म्या म्हणलं, येळवशीला येतो म्हणत्यात म्हंजी जेवायलाच येत असतील. साऱ्या गावाला म्या तसंच सांगितलंय."

डॉ. शैलजा गाडीच्या दाराला टेकल्या आणि स्वतःशी बोलावे तसे कानडीत काही पुटपुटल्या. त्यांचे लहानपण येळवशीशिवाय गेलेले नव्हते. आडतीच्या दुकानाला वर्षातून एकच दिवस पूर्ण कुलूप लागायचे, तो हाच. आंबिलीचे मडके डोक्यावर घेण्यावरून बहिणींत भांडण व्हायचे, तेही याच दिवशी. त्यानंतरच्या वर्षांत डिसेंबर-जानेवारी म्हणजे परदेशी बर्फ आणि शोधनिबंधांच्या तारखा. आठवण पुसली गेली नव्हती. नुसती विचारली गेली नव्हती.

"मी विसरले, निखिल," त्या म्हणाल्या.

"पण हा सण आहे तरी कुठं कॅलेंडरवर?"

"खाली. बारीक अक्षरात."

मार्गशीर्षातले शिवार ज्याने पाहिले नाही त्याला हा जिल्हा कोरडाच वाटतो. त्या दिवशी शाळू पुरुषभर उंचीचा, कणसांवर दव सुकत आलेले. हरभरा घाट्यांनी भरलेला, करडईला पिवळी फुले, तुरीच्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. प्रत्येक रानात कडब्याच्या पेंढ्यांची एक कोप, म्हणजे माणूस वाकून जाईल एवढी खोपटी. आत चुन्याने रंगवलेले दगड मांडलेले, ते पांडव. त्यांच्यापुढे आंबिलीचे मडके, बाजरीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे, शेंगापोळ्या. जागोजागी धूर, जागोजागी साद. रस्त्याने जाणारा माणूस ओळखीचा असो वा नसो, त्याला जेवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाही, अशी रीत. अनोळखी माणूस पळायला लागला तर त्याला धरून आणतात.

अप्पांच्या रानात पाऊल ठेवताच हाक आली, "बर्री, बर्री! ऊटा माडरी!" या आणि जेवा, एवढाच त्याचा अर्थ, पण तो पर्याय नसतो. चटईवर बसल्याबसल्या डॉ. शैलजांनी येण्याचे कारण सांगितले. अप्पांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, आवाज मात्र बदलला.

"सुई? आज? रानात?"

"थोडंसंच रक्त, अप्पा. मागच्या वेळेसारखं."

"मागच्या वारी म्या गोधडीत हुतो, घरात हुतो. आज रानात विळा न्हाय, खुरपं न्हाय, नांगर न्हाय. भुई पोटुशी हाय. तिच्या डोहाळ्याच्या दिशी तू लोखंड काढतीस व्हय?"

"सुई जमिनीला नाही टोचायची. माणसाला टोचायची."

"माणूस कुणाचं? तिचंच की."

निखिलने विचारले, मग सगळ्यांनी थोडा वेळ गावात चलायचे का? आजूबाजूच्या बायका एकदम हसल्या. येळवशीला दिवस कलायच्या आत रान सोडून घराकडे जाणे म्हणजे लग्नातून अक्षता पडायच्या आधी उठणे. आणि दिवस कलल्यावर घरोघर फिरून नमुने घेतले, तर निघायलाच मध्यरात्र उलटली असती आणि यंत्राची सकाळची पाळी चुकली असती. निखिलने एकदा घड्याळाकडे पाहिले, एकदा यंत्राच्या पाळीचा कागद काढून पाहिला, आणि हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे संपलं."

"आधी जेव," डॉ. शैलजा म्हणाल्या.

त्या खरेच जेवल्या. भज्जी दोनदा घेतली. उंडा हाताने फोडला, त्यावर भज्जी ओतली, आंबील मडक्यातून गडव्यात आणि गडव्यातून घशात. पाहणाऱ्याला त्या हरल्यासारख्या दिसत होत्या. प्रत्यक्षात त्या भाव काढत होत्या. आडत्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट येते: समोरचा नाही म्हणतो तेव्हा तो नेमके कशाला नाही म्हणतो, ते मोजून घेणे.

"अप्पा, बांधावर बसलेलं माणूस रानात असतं का हो?"

"बांध बी रानच."

"आणि गाडीवाटेवर?"

अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "वाट सरकारची हाय. पर पाय तर मातीवरच की."

"मग वाटेवर तुमची ट्रॉली उभी आहे, तिच्यात बसलेलं माणूस?"

आजूबाजूची जेवणे थांबली. गावाचे निवाडे करणाऱ्या माणसासमोर असा खटला याआधी आला नव्हता. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे पाहिले, मग कस्तुराबाईंकडे पाहिले. कस्तुराबाई भाकऱ्या फडक्याने झाकत होती. तिने मान वर न करताच निकाल दिला.

"ट्रॉली काय रान न्हाय. तिच्यात काय उगवतंय?"

"पर एक हाय," अप्पांनी बोट वर केले. हरलेल्या बाजूने शेवटची अट घालायची असतेच. "ज्याच्या रानातलं रगत घेशील, त्याच्या रानात आदी जेवायचं. नुसतं घिऊन जायचं न्हाय. आज घ्यायचा दिवस न्हाय, द्यायचा हाय. तुमी जेवला तर आमी दिलं असं हुईल. मग सुई बी त्याच्यातच बसंल."

अशी त्या दिवशीची रक्तसंकलन मोहीम ठरली. ट्रॉलीत कडबा अंथरला, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर घोंगडे, घोंगड्यावर नळ्यांचे खोके. अप्पा स्वतः ट्रॅक्टर चालवायला बसले. ट्रॅक्टर गाडीवाटेने एका रानापासून दुसऱ्या रानापर्यंत जाई, थांबे. आम्ही उतरून चटईवर बसत असू, जेवत असू. मग त्या घरातली तापून उठलेली माणसे ट्रॉलीत चढत, बाही वर करत आणि मातीला पाय न लावता रक्त देत. खाली उभ्या असलेल्यांची टीकाटिप्पणी सुरू असे.

"जावयाचं जास्ती काढा बाई, लई हाय त्याच्या अंगात."

"माझ्या सासूचं नका काढू, तिला डास बी चावत न्हाईत, भित्यात."

"मला चावला म्हणून तर मेला त्यो," सासू वरून म्हणाली.

एकाने विचारले, "आमचं रगत पुण्यात काय करनार? तिकडच्यांला कमी पडतंय का?" डॉ. शैलजांनी त्याला नळी उजेडात धरून दाखवली. या लाल पाण्यात काही पेशी अशा असतात की त्यांना एकदा भेटलेला शत्रू आठवतो. किती काळ आठवतो, ते बघायचे आहे. "एकदा आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा दुकानदार किती वर्षं लक्षात ठेवतो, तसं." त्या माणसाने विचार केला आणि सांगितले, "माल परत आणला आसंल तर जलमभर." डॉ. शैलजा इतक्या हसल्या, की परिचारिकेला त्यांच्या हातातली नळी काढून घ्यावी लागली.

बातमीदाराने एक निरीक्षण नोंदवावे: सहाव्या की सातव्या रानानंतर माणसाला पुढे वाढलेली शेंगापोळी शत्रूसारखी दिसू लागते. निखिलने तोवर शर्टाचे खालचे बटण सोडले होते. महादेवी त्याला प्रत्येक ठिकाणी सांगत होती, "सर, हे घर बाकी हाय."

मग ते घडले. दुपार कलत असताना निखिलने खोक्यातल्या आधीच्या नळ्या तपासल्या. नळी उभी राहिली की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर नितळ, पिवळसर द्रव राहतो. गवताच्या काडीसारखा रंग. इथे वरचा थर पांढरा होता. एका नळीत, दुसरीत, सगळ्याच नळ्यांत. निखिलचा चेहरा त्या थराच्या रंगाचा झाला.

"मॅडम, सगळे नमुने खराब झालेत."

ट्रॅक्टर थांबला. अप्पांनी मागे वळून पाहिले. कोणाला काही कळले नव्हते, पण काहीतरी नासले आहे एवढे सगळ्यांना कळले. डॉ. शैलजांनी एक नळी घेतली, सूर्यासमोर धरली, हलकेच कलती केली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी दिसली. मग त्यांनी ट्रॉलीखाली उभ्या असलेल्या बायकांना विचारले, "पोळीत शेंगदाणे किती घालता गं? आणि तूप?"

"येळवस हाय. मोजून कोन घालतंय?"

"निखिल, हे तूप आहे," त्या म्हणाल्या. "शेंगदाणे, तीळ, तेल, तूप. आख्खं गाव सकाळपासून खातंय, रक्तात चरबी वर आलीय. पेशी खाली आहेत, ठणठणीत आहेत. धुताना जास्त वेळा धुवाव्या लागतील, वरचा द्रव पुन्हा यंत्रात फिरवून घ्यावा लागेल. बाकी काही नाही."

"पण प्रोटोकॉलमध्ये उपाशीपोटी..."

"येळवशीला उपाशी माणूस शोधून दाखव, त्याचं नाव निबंधात पहिलं घालते."

नळी हातोहात खाली गेली. आपल्या गावाचे रक्त आज दुधाळ आहे, ही गोष्ट गावाला अतिशय आवडली. प्रत्येकाला आपली नळी बघायची होती. दोन भावांत कोणाची जास्त पांढरी यावरून वाद झाला, आणि हरलेल्याच्या बायकोने तो अपमान स्वतःच्या स्वयंपाकाचा मानला.

एक नमुना अजून बाकी होता, आणि त्याच्यासाठी बाकीचा खटाटोप होता. कस्तुराबाई दिवसभर वाढत होती. विचारले की म्हणायची, "म्या शेवटी. लेकरं जेवू द्या." मग पाहुणे, मग गडी, मग पुन्हा कोणी वाटसरू. सावल्या लांब झाल्या. पुरुषांनी आंबिलीचा गडवा घेऊन, अर्धे कानडी शब्द असलेली आरोळी देत, पिकाला शिंपण्याची फेरी पुरी केली. निखिल गाडीचे दार उघडून उभा राहिला, कारण आता निघालेच पाहिजे होते. तेव्हा कुठे तिने हात धुतले, पदराला पुसले आणि ट्रॉलीची कड धरून वर चढली.

शीर सापडेना. म्हाताऱ्या हातातली शीर सुईखालून सरकते. परिचारिकेने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला आणि मागे सरली. डॉ. शैलजांनी रबरी पट्टा स्वतः बांधला. कित्येक वर्षे त्या नळ्या उघडत आल्या होत्या. नळी भरण्याचे काम दुसऱ्यांचे असे. त्यांनी अंगठ्याने कोपराच्या खोबणीत दाबून दाबून पाहिले.

"मिळंना व्हय? ताक घेऊन जा की मग," कस्तुराबाई म्हणाली. "तसं बी पांढरंच पायजे तुमाला."

"अव्वा, हसवू नका. हात हलतो."

"माझा न्हाय हलत. तुझाच हलतोय."

डॉ. शैलजांनी हात मागे घेतला, श्वास सोडला, पुन्हा पुढे केला. नळीत लाल रेघ उतरली. ट्रॉलीखाली उभ्या असलेल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच. रक्त मिळाले म्हणून टाळ्या पडल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. गाडी निघाली तेव्हा रानोरानी कडब्याच्या पेंढ्या पेटवून लोक पिकाभोवती फिरवू लागले होते. मागच्या काचेतून संपूर्ण शिवार हलताना दिसत होते. निखिल खोके मांडीवर घेऊन बसला होता, तान्हे मूल घ्यावे तसे. थोड्याच वेळात तो झोपला. त्याच्या खाण्याचा हिशेब पाहता हे नैसर्गिक होते. खोके मात्र त्याने सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. शैलजांचा फोन आला. दोनच शब्द: "जिवंत आहेत."

आमच्या वृत्तपत्रात येळवशीचे नेहमीचेच छायाचित्र आले होते. माझी बातमी नंतर, आतल्या पानावर, पुरेशी संक्षिप्त होऊन छापली गेली. वृत्तपत्राला स्मृती कमी असते; त्याचे आयुष्य एका दिवसाचे, म्हणून ते दररोज जन्मते. शरीराचे तसे नसावे, अशी डॉ. शैलजांची आशा होती. त्या आशेवर त्यांनी एवढी वर्षे घालवली होती, आणि ती खोटी ठरली असती तर त्यांनी ती खोटी ठरली असेच छापले असते. या बाबतीत त्यांचा धंदा आमच्याहून कडक आहे. आमच्याकडे चूक दुरुस्तीच्या चौकटीत जाते.

पुढे शोधनिबंध निघाला. त्याची प्रत त्यांनी पाठवली. त्यातले बरेचसे मला समजले नाही, पण पद्धतीच्या भागात एक वाक्य आहे, त्याचा मराठीत अर्थ असा: नमुने देण्यापूर्वी सहभागी व्यक्तींनी आहार घेतलेला होता. संपूर्ण येळवस त्या एका ओळीत बसवली आहे. ट्रॉली नाही, तूप नाही, अप्पांचा निवाडा नाही. इतके काटेकोर संपादन मी कधी कोणाच्या मजकुरावर केलेले नाही, आणि इतके क्रूरही नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञांपैकी एकाने त्या ओळीपाशी विचारले होते म्हणे, सगळ्यांनीच कसा काय आहार घेतला होता? डॉ. शैलजांनी काय उत्तर दिले ते त्या सांगत नाहीत, नुसत्या हसतात.

निबंध निघण्याच्या आधी, उन्हाळ्यात, त्या गावात जाऊन आल्या. निष्कर्ष आधी ज्यांचे रक्त त्यांना सांगायचा, मग जगाला, असा त्यांचा रिवाज आहे. मीही गेलो होतो. अप्पांच्या ओसरीवर माणसे जमली. डॉ. शैलजांनी सावकाश सांगितले: तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगात त्या तापाची ओळख अजून टिकून आहे. काही महिन्यांत सगळी पुसली जाईल असे वाटले होते, तसे झाले नाही. पुढेही आणखी बघावे लागेल. आणि कस्तुराबाईंच्या पेशी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आहेत. त्यांची ही ओळख यंदाची नाही, बहुतेक फार जुनी आहे. ताप नेमका कधीचा, हे रक्त सांगत नाही. पण भेट आधी झालेली आहे, एवढे सांगते.

"लहानपणी कधी असा ताप आला होता का, अव्वा? थंडी वाजून?"

कस्तुराबाई शेंगा फोडत बसली होती. हात चालूच होते.

"आमच्या माहेरात समद्यांलाच आला हुता एकदा. म्या लई बारकी. डासावरचे फवारणीवाले यायच्या आदीची गोष्ट. एकाच घोंगड्यात म्या आन माझा भाऊ. म्या उठले. त्यो न्हाय उठला." तिने फोललेले दाणे सुपात टाकले. "आई सांगायची म्हणून ठावं. मला तर त्याचं तोंड बी आठवत न्हाय. समदा जलम गेला, कवा आठवलंच न्हाय बघ."

अप्पांनाही हे नवीन असावे. ते बायकोकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहत होते. कस्तुराबाईने आपला हात उलटा केला आणि कोपराच्या खोबणीकडे, सुई टोचली होती त्या जागेकडे, थोडा वेळ पाहिले.

"म्हंजी ते घोंगडं अजून हाय म्हण की आत," ती म्हणाली.

"एका परीनं आहे," डॉ. शैलजा म्हणाल्या. एरवी त्या इतके ढोबळ बोलत नाहीत.

मग कस्तुराबाईने सूप बाजूला सरकवले, बाही दंडापर्यंत वर केली आणि हात त्यांच्यापुढे धरला.

"घे. अजून घे की. बघ, आन काय काय हाय."